‘विनियोजन’ म्हणजे नियोजन नव्हे : आरोग्याच्या पैशाचे शब्द

प्रश्न : आरोग्य खात्याच्या बातम्यांत तरतूद, मंजुरी, विनियोजन हे शब्द एकमेकांच्या जागी येतात. विनियोजन म्हणजे खर्चाचं नियोजनच ना? आणि धन, वित्त, अर्थ ही विधेयकं एकच का?

उत्तर : नाही. विनियोजन हे विनियोगाचं भावंड आहे. संध्येत ‘प्राणायामे विनियोगः’ म्हणून पळीभर पाणी सोडतात, तिथे हा मंत्र या कर्माला लावला एवढाच अर्थ. संसदेतही तेच : एवढी रक्कम, या कामाला. हिंदीत विनियोग विधेयक म्हणतात, आपण विनियोजन विधेयक.

१ फेब्रुवारीला अर्थमंत्री आकडा वाचतात ती फक्त तरतूद, म्हणजे सरकारचा प्रस्ताव. त्या रात्री ‘आरोग्यासाठी इतके कोटी मंजूर’ असा मथळा देऊ नये, कारण तोवर कोणी काहीच मंजूर केलेलं नसतं. पुढे आरोग्य मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या (कोणत्या खर्चाला किती रक्कम हवी, ते) संसदेची स्थायी समिती तपासते. या समितीत दोन्ही सभागृहांचे सदस्य असतात, तिचा कारभार राज्यसभेकडे आहे, पण मागण्यांवर मत देण्याचा अधिकार एकट्या लोकसभेला. सरकारचं धोरणच अमान्य असेल तर मागणी १ रुपयावर आणावी, अशी कपात सूचना खासदार देऊ शकतो. मागण्यांना लोकसभेचा होकार मिळाला की ‘मंजुरी’ म्हणा.

तरीही तिजोरी उघडत नाही. भारताच्या एकत्रित निधीतून (स्पर्धापरीक्षेच्या पुस्तकांतला ‘संचित निधी’) पैसा काढायला कायदाच लागतो, आणि तो कायदा म्हणजे अनुच्छेद ११४ खालचं विनियोजन. राज्यसभेने हे विधेयक १४ दिवसांत परत करायचं. तिच्या शिफारशी लोकसभेवर बंधनकारक नाहीत. राष्ट्रपतीही ते फेरविचारासाठी परत पाठवू शकत नाहीत. त्यांची संमती मिळाली की कायदा झाला.

आता तुमची तीन विधेयकं. धन विधेयक हा प्रकार आहे आणि एखादं विधेयक त्यात मोडतं का, हे लोकसभेचे अध्यक्ष ठरवतात. विनियोजन विधेयक त्यातलंच. वर्षाच्या करप्रस्तावांचं ते वित्त विधेयक, तेही बहुधा धन विधेयक म्हणूनच येतं. ‘अर्थ विधेयक’ वृत्तपत्रं धन आणि वित्त अशा दोन्हींसाठी वापरतात, त्यामुळे काय संमत झालं तेच कळत नाही. मी तो शब्द टाळते.

प्रतिसाद : ‘गिलोटिन’ला मराठी शब्द आहे का?

उत्तर : रूढ शब्द नाही, गिलोटिनच लिहावं. चर्चेची मुदत संपली की उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकतात, ते गिलोटिन. मार्च २०१८ मध्ये लोकसभेत गदारोळात सर्वच मागण्या अशा गेल्या आणि वित्त विधेयकही चर्चेविना संमत झालं. आधीच्या ३ टक्के शिक्षण उपकराच्या जागी ४ टक्के ‘आरोग्य व शिक्षण उपकर’ त्याच विधेयकाने आला. आरोग्याच्या नावाने नवा भार लावणाऱ्या विधेयकावर लोकसभेत चर्चाच झाली नाही, हे मला फार गंभीर वाटतं.

प्रतिसाद : उपकर आणि अधिभार यांत फरक काय?

उत्तर : अधिभार करावर चढतो, खर्च कुठेही करता येतो. उपकर ठरावीक कामाला बांधलेला. पण दोन्हींतला वाटा राज्यांना द्यावा लागत नाही, आणि सार्वजनिक आरोग्य व रुग्णालयं तर राज्य सूचीत आहेत! उपकर आधी एकत्रित निधीत जमा होतो, मग विनियोजनाने बाहेर येतो. त्यातल्या आरोग्याच्या वाट्यासाठी २०२१ मध्ये प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा निधी मंजूर झाला. तो ‘व्यपगत न होणारा’ आहे, म्हणजे ३१ मार्चला न खर्चलेली रक्कम बुडत नाही.

प्रतिसाद : ‘आयुष्मान भारत कायद्या’नुसार ५ लाखांचे उपचार मिळतात, असं एका फलकावर वाचलं.

उत्तर : तिथे ‘योजने’नुसार हवं. आयुष्मान भारतमधली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सप्टेंबर २०१८ मध्ये रांचीत सुरू झाली ती सरकारी निर्णयाने, तिच्यासाठी संसदेने वेगळा कायदा केलेला नाही. केंद्राचा तिच्यातला पैसा दरवर्षीच्या विनियोजनातून येतो. आपल्याकडच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेलाही योजनाच म्हणावं.