स्किमर नसला तरी चालेल, पण…

लहान रीफ टाकीला (प्रवाळं ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी) प्रोटीन स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसासोबत काढणारं यंत्र, हवाच का, असं एकाने विचारलंय. ४०-५० लिटरला नाही लागत. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललं की भागतं. खरी डोकेदुखी बाष्पीभवनाची. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं, म्हणून रोजची भर गोड्या आरओ पाण्याचीच घाला, खाऱ्या नव्हे. काचेवर पातळीची खूण करून ठेवा. विशिष्ट गुरुत्व (यावरून खारटपणा कळतो) १.०२५ च्या आसपास हवं. ते मोजायच्या काट्याच्या हायड्रोमीटरला बुडबुडे चिकटले तर आकडा उगाच चढा दिसतो, तेव्हा आधी टिचकी मारून मगच वाचा. मासे मात्र कमीच ठेवा हो! प्रवाळांपैकी सुरुवातीला मश्रूम, झोआंथिड हे प्रकार बरे. पण झोआंथिड विषारी असू शकतात, हाताळताना हातमोजे घालाच.