अंधार पडताच दोन कॅमेऱ्यांचे चित्र बिघडते. डीव्हीआर बदलावा का?

प्रश्न

घराभोवती चार वायर्ड कॅमेरे एका डीव्हीआरला, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या रेकॉर्डरला, जोडलेले आहेत. दिवसा चारही चित्रे स्वच्छ असतात, परंतु अंधार पडून चित्र कृष्णधवल झाले की दोन कॅमेरे त्रास देऊ लागतात. दारावरच्या डोम (घुमटाकार) कॅमेऱ्यात सगळीकडे पांढुरके धुके पसरते आणि समोर उभ्या असलेल्या माणसाचा चेहराही ओळखू येत नाही. मागच्या कुंपणाजवळच्या बुलेट (नळीच्या आकाराच्या) कॅमेऱ्यात आडव्या रेघा सरकत राहतात व मधूनच ‘व्हिडिओ लॉस’ अशी सूचना येऊन चित्र नाहीसे होते. काही वेळाने ते आपोआप परत येते. हा कॅमेरा सर्वांत लांब, सुमारे ४० मीटर केबलच्या टोकाला आहे. दोन्ही बिघाड रात्रीच होत असल्यामुळे दोष डीव्हीआरमध्ये असावा, असे मला सांगण्यात आले आहे. तो बदलण्यापूर्वी काय तपासावे?

उत्तर १

अंधार पडल्यावर डीव्हीआरच्या मागच्या बाजूला बिघडलेल्या आणि चांगल्या कॅमेऱ्याच्या बीएनसी पिनांची, म्हणजे चित्राच्या केबलच्या पिनांची, अदलाबदल करा. बिघाड कॅमेऱ्याबरोबर दुसऱ्या चॅनलवर गेला, तर डीव्हीआर निर्दोष आहे. जुन्याच चॅनलवर राहिला, तर तो चॅनल खराब आहे. ही तपासणी दिवसा करून काहीच कळणार नाही.

उत्तर २

वरची तपासणी अवश्य करावी, मात्र वर्णनावरून हे दोन स्वतंत्र बिघाड वाटतात आणि रात्रीची वेळ एवढेच त्यांच्यात साम्य आहे. रात्री कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड एलईडी, म्हणजे अंधारात पाहण्यासाठीचे दिवे, सुरू होतात. त्यामुळे एकीकडे कॅमेरा दिवसापेक्षा बराच जास्त करंट घेतो आणि दुसरीकडे त्याच्या भिंगाशेजारीच प्रखर प्रकाश निर्माण होतो. बुलेट कॅमेऱ्याला पहिली गोष्ट भोवत असावी, डोमला दुसरी.

बुलेटचा हिशोब करून पाहू. वीज नेणारी तार ०.२ चौरस मिलिमीटर छेदाची व शुद्ध तांब्याची धरली, तर तिचा रोध मीटरमागे सुमारे ०.०८६ ओहम असतो. ४० मीटर अंतरासाठी जाणारी आणि येणारी मिळून ८० मीटर तार लागते, म्हणजे एकूण रोध जवळजवळ ७ ओहम झाला. दिवसा कॅमेरा ०.१५ अँपिअर घेत असेल तर वाटेत एकच व्होल्ट गळतो, पण रात्री हाच करंट ०.४ अँपिअर झाला की पावणेतीन व्होल्ट गळून १२ पैकी सव्वानऊच कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतात. एवढ्या कमी दाबावर (व्होल्टेजवर) एलईडी लागताच कॅमेरा बंद पडतो, पुन्हा सुरू होतो आणि अंधार असल्यामुळे एलईडी लागून पुन्हा बंद पडतो. केबल तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असेल, तर गळती याहूनही अधिक असते.

मोजताना एक काळजी घ्यावी. कॅमेऱ्याची विजेची पिन काढून मल्टीमीटर लावला तर करंटच वाहत नसल्याने पूर्ण १२ व्होल्ट दिसतील आणि दिशाभूल होईल. कॅमेरा जोडलेला ठेवून, त्याचा प्रकाश-सेन्सर हाताने झाकून, एलईडी लागल्यावर कॅमेऱ्याच्या टोकाशी मोजावे. त्यासाठी रात्रीची वाट पाहावी लागत नाही. निदान खरे ठरल्यास कॅमेऱ्याजवळ पाणी न शिरणाऱ्या डब्यात स्वतंत्र १२ व्होल्टचा ॲडॅप्टर बसवावा किंवा विजेसाठी जाड तार टाकावी. मूळ पुरवठ्याचा दाब वाढवण्याचा सल्ला काही जण देतात, तो मला धोक्याचा वाटतो, कारण दिवसा गळती कमी असताना तोच वाढीव दाब कॅमेऱ्यावर येतो, आणि पुरवठा सामाईक असेल तर जवळच्या कॅमेऱ्यांवर तर जवळजवळ पूर्णच येतो.

उत्तर ३

आडव्या रेघा अर्थिंगमधल्या फरकामुळे, म्हणजे ग्राउंड लूपमुळेही येतात. पण त्या बहुधा दिवसाही दिसतात. इथे त्या केवळ रात्री येत असल्याने मलाही आधी विजेकडेच पाहावेसे वाटते.

डोमविषयी सांगायचे तर, भिंगाभोवतीची फोमची किंवा रबराची काळी कडी पारदर्शक झाकणाला आतून घट्ट टेकलेली असावी लागते. ती सरकली असेल, तर एलईडीचा प्रकाश झाकणावरून परावर्तित होऊन थेट भिंगात शिरतो आणि तेच धुके होऊन दिसते. झाकणावरची धूळ, बोटांचे ठसे, कोळ्याचे जाळे किंवा अगदी जवळची पांढरी भिंत यांचाही असाच परिणाम होतो. कोरड्या दिवशी थोडा वेळ झाकण काढून रात्रीचे चित्र पाहावे. धुके गेले, तर कॅमेरा शाबूत आहे. झाकण कोरड्या फडक्याने घासल्यास चरे पडतात, म्हणून आधी धूळ फुंकून मग सौम्य साबणाच्या पाण्याने मऊ कापड वापरून पुसावे. थिनर किंवा स्पिरिट लावू नये.

प्रश्नकर्ता

अदलाबदल केल्यावर दोन्ही बिघाड कॅमेऱ्यांबरोबरच सरकले. सेन्सर झाकल्यावर बुलेटच्या टोकाशी ९.१ व्होल्ट मिळाले. जवळ वेगळा ॲडॅप्टर लावल्यावर रेघाही गेल्या आणि चित्रही टिकून राहिले. डोमची कडी एका बाजूने सुटलेली होती. ती नीट बसवल्यावर दाराजवळचा भाग स्वच्छ झाला असला, तरी डाव्या कोपऱ्यात अजून पांढरट पट्टा दिसतो. शिवाय मोबाइलवर सर्वच चित्रे पुसट दिसतात, टीव्हीवर तसे होत नाही.

उत्तर ३

तो पट्टा बहुधा बाजूच्या भिंतीवरून परतणाऱ्या प्रकाशाचा असावा. भिंत चौकटीबाहेर जाईल इतका कॅमेरा वळवून पाहा. मोबाइलचे कारण वेगळे आहे. डेटा वाचावा म्हणून ॲप सहसा कमी रिझोल्यूशनचा सब-स्ट्रीम दाखवते. एक कॅमेरा पूर्ण पडद्यावर उघडून ‘एचडी’ किंवा ‘मेन स्ट्रीम’ निवडा. तरीही चित्र पुसट राहिले, तर डीव्हीआरमध्ये त्या चॅनलचा बिटरेट (चित्रासाठी दर सेकंदाला वापरला जाणारा डेटा) पाहावा लागेल.