मदत हवी आहे: जुनी डिझेल मोटरहोम घेताना काय तपासू? (जर्मनी, डुकाटो २.३)

भटकभवानी: फ्रँकफर्टजवळ २०१० ची फियाट डुकाटो २.३ मल्टिजेट बघायला शनिवारी जातोय. ३५०० किलोची, ९२ हजार किमी. आम्ही चौघं, दोन मुलं लहान. गाडीचं थोडंफार कळतं, मागच्या घराचं काहीच नाही.

स्पॅनर_१३: आधी घर बघा, मग इंजिन. इंजिन दुरुस्त होतं. भिंतीत पाणी मुरलं की अख्खी बाजू उघडावी लागते आणि ते बिल गाडीच्या किमतीला भिडतं.

मॉइश्चर मीटर (भिंतीतला ओलावा मोजायचं यंत्र) न्या. छतावरच्या खिडक्यांच्या चौकटी, मागचे वरचे कोपरे, कपाटांच्या आतल्या कडा आणि बाथरूमची जमीन इथे लावा. साधारण १५ टक्क्यांपर्यंत ठीक, २० च्या वर खोदून विचारा, २५ च्या वर नमस्कार करून निघा. आतल्या कोरड्या पार्टिशनवर आधी लावून बघा, कारण मागे धातूची पट्टी असली की आकडा फसवतो. अंगठ्याने दाबूनही कळतं, भिंत आत जाता कामा नये. एकाच कोपऱ्यात ताजा सीलंट दिसला तर तो का लावला ते विचारा.

इंजिन थंडच हवं. मालकाला तसं आधी सांगा, पोचल्यावर बॉनेटला हात लावून खात्री करा. २.३ लिटरच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट असतो (३.० ला चेन). मोटरहोम महिनोन्महिने उभी असते, म्हणून किमी नव्हे, बेल्टचं वय बघा. पाचेक वर्षांतलं बिल नसेल तर बेल्ट आणि तो ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा खर्च किमतीतून वळता करा. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

या पिढीचं खास दुखणं म्हणजे वायपरखालच्या प्लास्टिकच्या पन्हळीतून पाणी थेट इंजेक्टरवर गळतं. वरचं कव्हर काढून इंजेक्टरच्या बुडाशी गंज आहे का बघा. गंजून बसलेला इंजेक्टर सहजी निघत नाही. शिवाय चढावर रिव्हर्स घेऊन बघा. सुरुवातीच्या गाड्या तिथे जोरात थरथरायच्या.

घाटमाथा: मुलं आहेत म्हणून गाडीचं नोंदणीपत्र नीट वाचा. एस.१ रकान्यात बसायच्या जागा असतात, त्या झोपायच्या जागांइतक्या असतीलच असं नाही. चाइल्ड सीट आडव्या बाकावर चालत नाही. पुढे तोंड असलेली, तीन-बिंदू पट्ट्याची जागा हवी. एफ.२ (कमाल परवानगीचं वजन) मधून जी (गाडीचं स्वतःचं वजन) वजा केलं की किती सामान-माणसं भरता येतील ते कळतं. जी मध्ये ७५ किलोचा ड्रायव्हर धरलेला असतो, नंतर लावलेला बाहेरचा मांडव (ऑनिंग) आणि सोलर पॅनेल नाही. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. शक्यतो काट्यावर नेऊनच वजन करा.

भटकभवानी: आणि गॅस, हीटर?

स्पॅनर_१३: जी ६०७ चं पिवळं पुस्तक मागा. ही गॅस तपासणी दर दोन वर्षांनी लागते, २०२५ पासून सक्तीची. रेग्युलेटर आणि नळीवरचं साल बघा, दहा वर्षांनी बदलावे लागतात. ट्रुमा कंपनीचा (हवा आणि पाणी तापवणारा) हीटर असेल तर बॉयलर भरायला लावा आणि गाडीखाली वाकून गळती बघा. हिवाळ्यात पाणी राहिलं असेल तर तडा इथेच जातो. साधारण ३ अंशांखाली बॉयलरचा पाणी सोडून देणारा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि ७ च्या वर गेल्याशिवाय बंद होत नाही, तेव्हा थंडीत पाणी थांबत नसेल तर बिघाड समजू नका, आधी गाडी गरम करा. फ्रिज गार व्हायला तास न् तास लागतात, म्हणून आदल्या रात्रीच गॅसवर लावून ठेवायला सांगा.