दिवे घाटाच्या वर पहाटे तरस समोर आला, अशा वेळी नक्की काय करायचं?

माळावरचा:
नमस्कार मंडळी. आम्ही तिघं मित्र रविवारी हडपसरहून गाडी काढतो आणि दिवे घाट चढून वर माळावर चालायला जातो, थंडीत तर हमखास, वर धुकं, खाली मस्तानी तलाव आणि येताना सासवडला चहा-मिसळ. या वेळी दोघं गाडीपाशी कानटोप्या शोधत बसले आणि मी पुढे निघालो. नीट उजाडलंही नव्हतं. ओढ्याच्या वळणावर एक जनावर उभं, आधी वाटलं कुत्रं, मग वाटलं वासरू, कारण पुढून चांगलं उंच आणि मागे उतरतं. अंगावर काळे पट्टे. अंतर म्हणाल तर घाटातल्या रस्त्याच्या रुंदीएवढं. मला बघितल्यावर त्याने मानेपासून शेपटीपर्यंत सगळे केस उभे केले, एकदम दुप्पट मोठं दिसायला लागलं, आवाज मात्र काहीच नाही. मी तिथेच उभा, पाय उचलेचनात. मग मान फिरवून तो चढावर निघून गेला, पळत वगैरे नाही, आरामात.
आता घरून फर्मान निघालंय की माळ बंद, सोसायटीच्या ट्रॅकवर गोल गोल फिरा. मला विचारायचंय की हा तरसच ना? अंगावर येतो का? फॉरेस्टला कळवायचं का? आणि मित्राचा लॅब्राडोर बरेचदा सोबत असतो, तो असता तर बरं झालं असतं का?

गवतफुला:
तरसच, शंकाच नको. उतरती पाठ, पट्टे आणि उभी आयाळ हे तिन्ही सांगितलंत तिथेच विषय संपला. आणि केस उभे केले ना, ते तुम्हाला घाबरून. मोठं दिसायचं आणि समोरच्याने निघून जावं हाच त्याचा डाव, अंगावर यायची तयारी नाही ती. पट्टेरी तरस मुख्यतः मेलेल्या जनावरांवर जगतो, जबडा इतका जबरदस्त की हाडंसुद्धा फोडून खातो, पण माणसाशी भिडायची त्याला हौस नसते. ते हसणारे, कळपाने शिकार करणारे तरस आफ्रिकेतले, ठिपक्यांचे, आपल्याकडे ते नाहीतच. टीव्हीवर ते बघून लोक आपल्या तरसाला उगाच बदनाम करतात.
थंडीतच का दिसला ते सांगतो. हा निशाचर प्राणी, रात्रभर भटकून उजाडायच्या आत गुहेकडे परततो. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या आसपास उगवतो पण आपला गजर उन्हाळ्यातलाच, साडेपाचचा, म्हणजे तुम्ही फिरायला निघता तेव्हा त्याची रात्रपाळी चालूच असते. अर्ध्या तासाने उशिरा निघा, बरीचशी गाठभेट टळेल. (मला विचाराल तर टाळू नका, नशीब लागतं याला.)

पुरंदरची_सून:
आमचं सासर तिकडचंच. तरस आमच्या माळांवर पूर्वीपासून आहे, सासरे लहानपणच्या गोष्टी सांगतात त्याच्या. आता जास्त दिसतो कारण आमच्या भागात पोल्ट्र्या खूप आणि मेलेल्या कोंबड्या काही जण सरळ ओढ्यात नाहीतर माळावर टाकून देतात, मग त्या वासावर तरस, कोल्हे, लांडगे आणि सगळ्यात जास्त म्हणजे भटकी कुत्री. दादा तुम्ही ओढ्याच्या वळणावर म्हणालात ना, बघा एकदा दिवसा जाऊन, पिसं सापडतील तिथे. अशा जागी पहाटे थांबू नका, तरसासाठी नाही हो, कुत्र्यांच्या टोळीसाठी सांगतेय, ती खरी अंगावर येतात.

कर्वेपुतळा_स्टॉप:
ताई पटलं. फॉरेस्टला कळवायचं का, यावर माझं मत, जखमी नसेल, विहिरीत पडला नसेल, वस्तीत घुसला नसेल तर कशाला? तो त्याच्या घरात होता, पाहुणे तुम्ही. अडकलेला किंवा जखमी दिसला तर मात्र 1926 या वन विभागाच्या हेल्पलाईनला फोन करायचा आणि तिथे गर्दी जमू द्यायची नाही. 9 डिसेंबर 2020 ला आमच्या कोथरूडात महात्मा सोसायटीत गवा आला होता, आठवत असेल. पोरं मोबाईल घेऊन मागे, लोक आरडाओरडा करतायत, तो बिचारा भिंतीवर धडका देत पळतोय, तोंडातून फेस. शेवटी बेशुद्ध करून पकडला आणि त्याच दिवशी गेला. तेवढ्या धास्तीने आणि धावपळीनेच असं जनावर मरू शकतं, हे आमच्या गल्लीला तेव्हा कळलं. त्याच महिन्यात दुसरा गवा पाषाण-बावधनकडे आला तेव्हा त्याला वाट मोकळी ठेवली आणि तो जंगलाकडे परत गेला.

ऊसतोड:
सगळे तरस तरस करताय ते ठीक आहे पण हे वाचून कोणी बिबट्याला पण तसंच समजू नका. मी शिरूरचा. आमच्या जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर पट्ट्यात उसात बिबटे जन्मतात, तिथेच वाढतात, माणसं गेलीयत. थंडीत तोड सुरू झाली की फडात पिल्लं सापडतात आणि आई जवळपास असतेच. आमच्याकडे अंधारात एकटं जायचं नाही, बॅटरी आणि काठी हवी, मोबाईलवर गाणी मोठ्याने लावायची, लहान पोरं मोठ्यांच्या मधे. आणि खाली वाकून किंवा बसून राहायचं नाही, बसलेला माणूस त्याला लहान जनावर वाटतो. समोर आलाच तर पाठ दाखवून पळायचं नाही, हात वर करून ओरडत हळूहळू मागे सरकायचं. हिवाळ्याचं फिरणं तुमच्याकडे हौस, आमच्याकडे रात्रीची वीज आली की पाणी धरायला जावंच लागतं.

माळावरचा:
सगळ्यांचे आभार. ऊसतोड भाऊ, तुमचं वाचून गप्पच झालो. लॅब्राडोरचं कोणीच सांगितलं नाही, त्याचा मालक विचारतोय.

गवतफुला:
राहिलंच की. घरी ठेवा त्याला, नेलाच तर पट्टा सोडायचा नाही. तो भुंकत अंगावर जाणार, कोपऱ्यात सापडलेला तरस चावणार, आणि मग धावत कुठे येणार तर मालकाकडे, म्हणजे तुम्ही नको तिथे मधे. शिवाय कुत्र्यांचे डिस्टेंपर, रेबीज हे रोग लांडगे-कोल्ह्यांपर्यंत जातात, त्यामुळे लसी झालेल्या असल्या तरी माळावर मोकळा नकोच. आणि एक, फोटो काढला असेल तर ग्रुपवर टाकताना नेमकी जागा लिहू नका, पुढच्या रविवारी तिथे जीपगाड्यांची रांग लागेल.

माळावरचा:
फोटो कुठला, मोबाईल गाडीत होता.