साधनेत सोबती हवा आहे, गुरू नको. असं कुणी केलंय का?

मागवाली, वडगाव

नमस्कार. मी बेळगावच्या वडगावची, वय ४७. घरात दोन पॉवरलूम, दिवसभर खडखडाट. पहाटे माग सुरू व्हायच्या आत अर्धा तास नाम घेते, लग्नाआधीपासूनचा नेम आहे. आई गेली त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून माळ फिरते, पण मी तिथं नसते. १०८ मणी कधी सरले कळत नाही. तेवढ्यात मी साड्यांचं बिल, भावजयीचं बोलणं, सगळीकडं फिरून येते.

अनुग्रह वगैरे घ्यायचा नाही. आमच्या घरी बाळेकुंद्रीच्या पंत महाराजांची दत्तभक्ती आहे, आश्विनात तिथं उत्सवाला जातो, ते पुरे. मला हवंय ते निराळं. महिन्यातून एकदा-दोनदा समोर बसून 'काय चाललंय गं तुझं आत?' असं विचारणारं माणूस. भजनी मंडळात हे बोलायची सोय नाही. आज बोललं की एकादशीपर्यंत गल्लीभर होतं.

मोबाइलवर एकजण शोधला होता. 'आंतरिक विकासाचा सहप्रवासी' अशी जाहिरात, तासाला १२०० रुपये. पहिल्या दोन वेळा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. तिसऱ्या वेळी आईबद्दल बोलता बोलता रडले, आणि त्यांनी तिथंच १८ हजारांचा 'पुढचा टप्पा' काढला. फोन ठेवून दिला. एका साडीमागं मजुरी काय सुटते हे त्यांना माहीत असतं तर... जाऊ दे.

विचारायचं असं की, असा सोबती धरणं आपल्यात बसतं का? तो नेमकं करतो काय? आणि माणूस ओळखायचा कसा?

हरिपाठी

ताई, माळ वाढवा. मन लागत नाही म्हणजे नाम कमी पडतंय. सोबती-बिबती सगळं शहरी खूळ आहे.

निवृत्त कंडक्टर, खानापूर तालुका

माळ वाढवून मीही बघितली आहे माउली, मन दुप्पट लांब जातं.

ताई, माझं सांगतो. २८ वर्षं कंडक्टरकी केली. मी माळकरी. माझा सोबती म्हणजे माझ्याच गाडीचा ड्रायव्हर, गोकाककडचा, लिंगायत, मराठी मोडकंतोडकं. कणकुंबीला आमची वस्तीची गाडी असायची. तिथला पाऊस तुम्हाला माहीत असेल, जुलैत दोन-दोन दिवस उघडत नाही. रात्री गाडीतच आडवं व्हायचं, टपावर पाऊस, कानाशी डास. बोलायला दुसरं कोण? सकाळी तो मागच्या सीटवर तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसायचा, मी पुढं हरिपाठ म्हणायचो. तू असं कर, तसं कर, हे कुणी कुणाला सांगितलं नाही.

एका वर्षी मला वाईट सवय लागली. गर्दीच्या फेरीला चार-पाच जणांचे पैसे घ्यायचे आणि तिकीट फाडायचं नाही. पोरीची फी भरायची होती म्हणून सुरू झालं. फी भरून झाली तरी थांबेना. गळ्यात माळ तशीच. एका रात्री न राहवून त्याला सांगून टाकलं. वाटलं, आता हा बसवण्णांची वचनं ऐकवणार. तो कुशीवर वळला, 'नोडोण' म्हणाला आणि झोपला. नोडोण म्हणजे बघूया. सकाळी इंजिन गरम करता करता एवढंच बोलला, "आज हिशोब जुळला काय, मला सांग."

त्या दिवशी जुळला. दुसऱ्या दिवशी नाही, म्हणजे कॅशशी जुळला, माझ्याशी नाही, समजून घ्या. तेही सांगितलं. तो 'बरं' म्हणाला, तोंड वाकडं केलं नाही. मग रोज चहाचा ग्लास हातात देताना तेवढंच विचारायचा, "हिशोब?" मी खोटं सांगू शकलो असतो, कोण मोजायला येणार होतं? पण जो ओरडत नाही त्याच्याशी खोटं बोलायला कारण काय काढायचं? एका झटक्यात सुटलं नाही. सुटायचं, पुन्हा घसरायचो, असं करत करत सुटलं.

माझ्या गुरूंना हे मी सांगूच शकलो नसतो. वर्षातून दोनदा दर्शन, पाया पडायचं, प्रसाद घ्यायचा, मागं वळायचं. मार्ग त्यांनीच दाखवला, त्याबद्दल तक्रार नाही. पण दुपारी साडेतीनच्या जांबोटी फेरीला मी काय केलं हे विचारायला ते गाडीत नव्हते.

आता दुसरी बाजू पण ऐका. त्याचंही एकदा चुकलं. बांधावरून भावाशी माझं वाजलं होतं, ते तो डेपोत कुणापाशी तरी बोलून गेला. मला तिसऱ्याकडून कळलं. मग तीन महिने एकाच गाडीत आम्ही, तो स्टिअरिंगला, मी दोरीपाशी, आणि 'राईट' नि 'होल्डान' यापलीकडं शब्द नाही. शेवटी गणपतीत घरी आला, करदंटाचा डबा घेऊन. उंबऱ्यातच म्हणाला, "तप्पायितु." माझं चुकलं. बायकोला कळेना हा काय बोलतोय. तेव्हापासून ठरलं, गाडीतलं गाडीत. ताई, तुम्ही हे पहिल्या दिवशीच ठरवून घ्या, आमच्यासारखं तीन महिने वाया घालवू नका.

टिळकवाडीकर

आपल्यात बसतं का म्हणता, 'गुरुबंधू' हा शब्द मग कुठून आला? आपल्या बेळगावात हिंदवाडीला गुरुदेव रानड्यांचं मंदिर आहे, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि संत होते ते. जमखंडीचा जन्म, गुरू उमदीचे भाऊसाहेब महाराज, त्यांचे गुरू निंबर्गीचे महाराज. त्या परंपरेत मराठी आणि कन्नड दोन्हीकडची माणसं पहिल्यापासून आहेत. तेव्हा कंडक्टरकाकांना कन्नड सोबती मिळाला यात मला तरी नवल वाटत नाही.

कॅम्पातली

आम्हा ख्रिस्ती लोकांत याला स्पिरिच्युअल डायरेक्शन म्हणतात. नाव ऐकून हुकूम सोडणारं कुणीतरी वाटतं, पण आहे उलटं. १५४० साली मान्यता मिळालेला जेझुइट संघ ज्यांनी काढला त्या संत इग्नेशियसनी साधना करवून घेणाऱ्याला बजावलंय की, तराजूच्या काट्यासारखा मधोमध राहा, इकडं-तिकडं कलू नकोस, देव आणि ते माणूस यांचं त्यांना बोलू दे.

मी नऊ वर्षं एका सिस्टरकडं जाते. महिन्यातून एकदा, पाऊण-एक तास. हे कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, नव्हे, ते फादरपुढंच करायचं असतं. सोबत करणारी सिस्टर असू शकते, संसारी माणूसही असू शकतं. पहिल्या महिन्यात सिस्टरनी विचारलं, देव जवळ कधी वाटला, लांब कधी वाटला? मी म्हटलं, भांडी घासताना जवळ, चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला लांब. वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी विचारलं, "कुठली भांडी?" मी सांगत गेले. सासूबाईंचा पितळी डबा निघाला त्यात, मग सासूबाई निघाल्या, तो तास तिथंच गेला.

घरी करायचं एकच. रात्री दहा-पंधरा मिनिटं दिवस मागं फिरवून बघायचा, कुठं मन मोकळं झालं, कुठं आखडलं. लिहिलं तर उत्तम. पैसे त्या घेत नाहीत, नाताळात मी नेवऱ्या देते. आणि हो, त्या स्वतः दुसऱ्या कुणाकडं तरी जातात. तुम्ही ज्यांना धराल त्यांना हे नक्की विचारा, "तुमचं कोण ऐकतं?" यावर हसून विषय बदलला तर उठून या.

मागवाली, वडगाव

सगळ्यांचे आभार. काका, एक सांगायचं राहिलं. रात्री तीनला जाग येते ती परत झोप नाही. जेवण जात नाही. हेही साधनेतलंच म्हणायचं का?

निवृत्त कंडक्टर, खानापूर तालुका

नाही ताई. त्याला साधनेचं नाव देऊ नका, डॉक्टरला दाखवा. आणि १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, मनाच्या त्रासासाठीच. सोबती त्यानंतर किंवा त्याच्या जोडीनं. माझा ड्रायव्हर ब्रेक लागेना झाला की हात जोडायचा नाही, मेकॅनिकला बोलवायचा.

मागवाली, वडगाव

दहा दिवसांनी लिहिते. डॉक्टरांकडं जाऊन आले, गोळी चालू आहे, झोप थोडी लागते.

सोबत्याचं असं झालं की, आमच्याकडं मागासाठी सुताच्या कांड्या भरायला एक अक्का येतात. कन्नड, साठीच्या, कुणाच्या अध्यात न मध्यात. परवा लाईट गेली, माग बंद पडले, त्या रहाटावर हातानं भरत बसल्या होत्या. मी म्हटलं, अक्का, मला रोज एक विचाराल काय? "एनु?" म्हणाल्या, म्हणजे काय. म्हटलं, आज माळ ओढताना कुठं गेली होतीस, एवढंच. त्यांनी माझ्याकडं जरा बघितलं. मी तेवढ्यात विचारून घेतलं, तुमचं कोण ऐकतं? म्हणाल्या, थोरली बहीण आहे सौंदत्तीला, दर पौर्णिमेला जाते.

आज सकाळी आल्या आल्या विचारलं. मी म्हटलं, आईच्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर, पाण्याच्या नळापाशी. अक्का 'हं' म्हणाल्या. भरलेली कांडी काढली, रिकामी लावली. "नळाला पाणी होतं?"