गच्चीचं इन्सुलेशन रात्री उघडता येईल असं करावं का? (अकोला, 125 मिमी स्लॅब)

वरचा_मजला: 1,000 चौरस फुटांचा आरसीसी स्लॅब आहे, वर कोबा नाही. मध्यरात्र उलटली तरी छत तापलेलंच असतं. ठेकेदार म्हणतो, आतून थर्माकोल लावून फॉल्स सीलिंग करा. त्यापेक्षा दिवसा झाकणारं आणि रात्री उघडणारं इन्सुलेशन घरी जमेल का? टीओडी मीटर (वेळेनुसार विजेचा दर लावणारा) बसला आहे, त्यामुळे संध्याकाळच्या पीकला, म्हणजे जास्त मागणीच्या वेळी, एसी कमीत कमी चालवायचा आहे.

उष्णता_हिशेब: आतून अजिबात लावू नका. तुमचा स्लॅब म्हणजे जवळजवळ 28 टन काँक्रीट. तो 1 अंशाने गार करायला सुमारे 6.8 युनिट उष्णता काढावी लागते. एसीचा सीओपी (एक युनिट विजेत किती युनिट उष्णता काढतो) 3.5 धरला तर 2 युनिट वीज. हा गारव्याचा साठा खोलीच्या बाजूला हवा. थर्माकोल आतून लावला की स्लॅब उन्हाच्या बाजूला जातो आणि पीकला उपयोगी पडत नाही.

उघड्या स्लॅबचा यू-व्हॅल्यू (1 अंश फरकाला दर चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता जाते; कमी तितका चांगला) 3.3 च्या आसपास येतो. वरून 50 मिमी एक्सपीएस (थर्माकोलपेक्षा घट्ट फोमचं बोर्ड) टाकलं की 0.5. इको निवास संहितेची (घरांसाठीच्या ऊर्जा बचतीच्या केंद्रीय नियमावलीची) छतासाठी कमाल मर्यादा 1.2 आहे.

सरकती_पॅनेलं: उघडझाप जमते. कॅलिफोर्नियात अटास्कॅडेरो इथे हॅरॉल्ड हे यांच्या घरात 1973 मध्येच छतावर पाण्याच्या पिशव्या आणि त्यांवर सरकती इन्सुलेशन पॅनेलं होती. घरी मात्र बिघडतं ते वाऱ्याने आणि फटींनी. 1.2 × 0.6 मीटरचा 50 मिमी एक्सपीएसचा तुकडा सव्वा किलोच भरतो. वळवाच्या वावटळीत तो शेजारच्या गच्चीवर जाईल. रूळ आणि दोन्ही टोकांना कड्या हव्यातच. छताचा 5 टक्के भाग फटींत उघडा राहिला तरी सरासरी यू 0.5 वरून 0.64 वर जातो, आणि फटीतून खाली गरम हवा शिरली तर आणखी. उघडं एक्सपीएस उन्हाने पिवळं पडून भुकटी होते, म्हणून वर पत्रा लागतो. खालचा स्लॅब पांढरा रंगवा, चंदेरी नको: चंदेरी रंग रात्री आकाशाकडे उष्णता नीट सोडत नाही.

वरचा_मजला: मग कायमचं झाकलं तर रात्री स्लॅब गार कसा होणार?

उष्णता_हिशेब: खालून. माझं मत कायमच्या थराच्या बाजूने आहे. उघडझाप हवेची करा. क्रम असा: वॉटरप्रूफिंग, त्यावर खाचेच्या कडांचं एक्सपीएस, जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड), मग 40 मिमी काँक्रीट 1 मीटरच्या चौकटींत, उतार 1:100, वर पांढरा चायना मोझॅक. काँक्रीटचंच वजन दर चौरस मीटरला 95 किलोच्या घरात जातं, म्हणून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

रात्री तासाला 1,500 घनमीटर हवा ओढणारा एक्झॉस्ट लावा. आतली हवा बाहेरच्यापेक्षा 3 अंश गरम असेल तर तो दीड किलोवॉट उष्णता बाहेर टाकतो. या घराला असे दोन हवेत. मे महिन्यात घड्याळ बघून खिडक्या उघडू नका. छताला खालून एक सेन्सर चिकटवा, दुसरा बाहेर सावलीत ठेवा. बाहेर 2 अंश कमी झालं की उघडा, सकाळी फरक मिटला की बंद.

टीओडी दरातली सवलत सकाळी 9 ते संध्याकाळी 5 आहे. एसी 11 ते 5 चालवा, 24 वर, सीलिंग फॅन पूर्ण वेगाने, म्हणजे हवा छताला घासून जाईल. सहा तासांत स्लॅब 2 अंशांच्या आसपास उतरतो. 5 नंतर 28 वर ठेवा, फॅन चालूच.

सरकती_पॅनेलं: त्याच दिवसांत पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून वाळ्याचा किंवा बांबूचा पडदा सोडा. काचेतून ऊन आत आलं तर 5 वाजेपर्यंत साठवलेला गारवा लवकर संपतो.