क्राफ्टवेर्कचा कार्यक्रम प्रत्यक्ष पाहिलेल्यांना नेमके काय जाणवले?

निशाचर (प्रश्न)

क्राफ्टवेर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक संगीतसमूहाचे संगीत मी महाविद्यालयात असल्यापासून ऐकत आलो आहे. ‘ट्रान्स-युरोप एक्सप्रेस’ आणि ‘कॉम्प्युटर वर्ल्ड’ हे दोन अल्बम तर जवळजवळ पाठ झाले आहेत. नोकरीनिमित्त सध्या जर्मनीत राहत असल्यामुळे त्यांचा कार्यक्रम प्रत्यक्ष पाहणे आता शक्य आहे, परंतु तिकीट काढण्यापूर्वी एक शंका मनातून जात नाही. जालावरच्या चित्रफितींमध्ये चार माणसे चार मेजांमागे जवळजवळ निश्चल उभी असतात, त्यांचे हात मेजाच्या कडेआड झाकलेले असतात आणि मागच्या पडद्यावर चित्रे सरकत राहतात. हे पाहून माझ्या एका मित्राने विचारले की, यात प्रत्यक्ष वादन कितीसे असते, आणि मला त्याला समाधानकारक उत्तर देता आले नाही.

ज्यांनी हा कार्यक्रम पाहिला आहे त्यांनी कृपया सांगावे की, घरी चांगल्या स्पीकरवर ऐकण्यात जे मिळत नाही असे तेथे काय मिळते, आणि सभागृहातला कार्यक्रम निवडावा की उन्हाळी महोत्सवातला. या समूहाचे महत्त्व मला मान्यच आहे, त्यामुळे त्याविषयी नव्याने सांगण्याचे कष्ट घेऊ नयेत.

कोकणकडा

मी हा कार्यक्रम बंदिस्त सभागृहात पाहिला, तोही त्रिमिती चित्रांसह. त्यामुळे माझे मत त्या अनुभवापुरते मर्यादित आहे, हे आधीच नोंदवतो. प्रवेशद्वाराशी प्रत्येकाच्या हाती कागदी चौकटीचा पांढरा चष्मा दिला जातो आणि अंधार झाल्यावर मागे वळून पाहिले की, सारे सभागृह एकसारख्या पांढऱ्या चष्म्यांनी भरलेले दिसते. रंगमंचावरचे चौघे आपल्याकडे पाहतात तेव्हा त्यांना यंत्रमानवांचा समुदाय दिसत असला पाहिजे. ‘नंबर्स’ सुरू होताच हिरवे आकडे अंगावर चालून येतात. ‘स्पेसलॅब’च्या वेळी उपग्रहाची लांब काडी पडद्यातून बाहेर येऊन थेट नाकासमोर थांबते आणि पुढच्या रांगेतली वयस्क माणसेसुद्धा मान मागे घेतात. त्याच गाण्यात एक उडती तबकडी आपण बसलो आहोत त्याच शहरावर येते आणि सभागृहाच्या दारात उतरते. हे चित्र प्रत्येक गावासाठी वेगळे केलेले असते, आणि ते दिसताच जो जल्लोष होतो तो गाण्यांना मिळणाऱ्या टाळ्यांपेक्षाही मोठा असतो.

मात्र मला खरा कार्यक्रम दिसू लागला तो चष्मा काढल्यानंतर. ‘आउटोबान’ चालू असताना डोळे थकले म्हणून मी तो कपाळावर सरकवला. चित्रे धूसर झाली आणि लक्ष आपोआप आवाजाकडे गेले. घरच्या स्पीकरवर मंद्र स्वर कानांना ऐकू येतात, परंतु तेथे ते छातीच्या पिंजऱ्यात आणि पायाखालच्या फळ्यांत जाणवतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हा सगळा आवाज प्रचंड असूनही त्यात गर्दी नसते. प्रत्येक ध्वनीभोवती मोकळी जागा राखलेली असते, त्यामुळे ‘ट्रान्स-युरोप एक्सप्रेस’मधला धातूवर धातू आपटल्यासारखा ठोका कोठून सुटला आणि कोठे विरला हे बोट दाखवून सांगता येते. गोव्यात २००७ साली सुरू झालेल्या सनबर्नसारख्या महोत्सवांत ज्यांचे इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकणे घडले आहे, त्यांना हा फरक लगेच कळेल. तेथे दर दोन मिनिटांनी हात वर करण्याचे आवाहन होते. येथे समूहाचे गायक राल्फ ह्यूटर दोन तासांत श्रोत्यांशी जवळजवळ एक शब्दही बोलत नाहीत.

निश्चलतेविषयी एवढेच म्हणेन की, ती मला मुळीच खटकली नाही. ‘द रोबोट्स’च्या वेळी मध्येच पडदा पडतो आणि पुन्हा उघडतो तेव्हा माणसांच्या जागी लाल सदरा व काळा टाय घातलेले चार पुतळे उभे असतात, आणि ते हात फिरवत, कमरेत वळत मघाच्या माणसांपेक्षा कितीतरी जास्त हालचाल करतात. एवढा कोरडा विनोद इतक्या गंभीर चेहऱ्याने करणारा दुसरा समूह माझ्या पाहण्यात नाही.

तळटीप

वरील वर्णन वाचून प्रश्नकर्त्याने लगेच तिकीट काढू नये म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी त्यांना एका उघड्या मैदानावरच्या महोत्सवात ऐकले. उन्हाळ्यात युरोपात सूर्य फार उशिरा मावळतो, त्यामुळे पहिला अर्धा कार्यक्रम उजेडातच झाला. पडदा फिका दिसत होता, वाऱ्याने आवाज हेलकावत होता, आणि शेजारचे लोक पुढच्या कलाकाराची वाट पाहत गप्पा मारत होते. अशा वातावरणात चार स्तब्ध माणसांकडे पाहत राहणे कठीण जाते.

माझा मुख्य आक्षेप मात्र मैदानाबद्दल नाही. १९७० साली ड्युसेलडॉर्फमध्ये ह्यूटर आणि फ्लोरिआन श्नायडर यांनी मिळून हा समूह उभा केला; श्नायडर २००८ मध्ये बाहेर पडले आणि २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. वोल्फगांग फ्ल्यूर आणि कार्ल बार्टोस हे जुने वादक त्याच्या कितीतरी आधी समूह सोडून गेले. संपूर्ण नवीन असा शेवटचा अल्बम २००३ सालचा आहे. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आणि त्यानंतरच्या वर्षी लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांनी आठ रात्री आठ अल्बम सादर केले, याचा चाहत्यांना अभिमान वाटतो. मला त्यातून उलटच वाटते. जी कला संग्रहालयात जाऊन बसते ती मूल्यवान असते हे मान्य, परंतु तिच्याकडून आज रात्री काही नवे घडेल अशी अपेक्षा कोणी ठेवत नाही. लय संगणकात बांधलेली, गाण्यांचा क्रम ठरलेला, चित्रे त्या क्रमाला जखडलेली. मग उरले काय?

विद्युल्लता

तळटीप यांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

मेजांमागे काय चालते याविषयी अनेकांची कल्पना अशी असते की, एकाने कळ दाबली आणि बाकीचे तिघे शोभेला उभे राहिले. प्रत्यक्षात कामांची वाटणी ठरलेली आहे. गायन आणि मुख्य सुरावट ह्यूटर यांच्याकडे असते. मधले दोघे ताल, मंद्र स्वर आणि ध्वनींवरची प्रक्रिया सांभाळतात. चौथ्याकडे पडद्यावरची चित्रे असतात. मधल्या दोघांपैकी हेनिंग श्मिट्स वर्षानुवर्षे तेथे उभे आहेत, आणि २०१३ पासून चित्रांची बाजू फाल्क ग्रीफेनहागेन पाहतात. पायाभूत लय आधीच रचलेली असते यात शंका नाही, परंतु तिच्यावर काय चढवायचे, कोणता ध्वनी किती वेळ ताणायचा आणि केव्हा सोडायचा हे त्या त्या रात्री ठरते.

पूर्वी हे कष्ट डोळ्यांना दिसत. १९८१ च्या दौऱ्यात त्यांनी आपला क्लिंग क्लांग स्टुडिओच जणू उचलून रंगमंचावर मांडला होता, आणि ‘पॉकेट कॅल्क्युलेटर’च्या वेळी ते हातात मावणारी छोटी यंत्रे घेऊन पुढे येत आणि पहिल्या रांगेतल्या लोकांना कळा दाबू देत. जपानमध्ये हेच गाणे ‘देन्ताकु’ या नावाने जपानी भाषेत होई. २००२ च्या सुमारास अवजड यंत्रांची जागा लॅपटॉपने घेतली आणि श्रम दृष्टीआड गेले. निशाचर यांच्या मित्राला पडलेला प्रश्न या बदलातून जन्मला आहे, आणि त्याबद्दल समूहालाही थोडा दोष द्यावा असे माझे मत आहे. हात दिसतील अशी मेजे त्यांना सहज करता आली असती.

नवे काही घडत नाही हे मात्र मला मान्य नाही. ‘रेडिओअ‍ॅक्टिव्हिटी’ हे १९७५ चे गाणे घ्या. मूळ गाणे किरणोत्सर्ग आणि रेडिओ या दोन्ही अर्थांशी खेळत तटस्थ राहते. १९९१ मध्ये त्यात चेर्नोबिल, हॅरिसबर्ग, सेलाफील्ड आणि हिरोशिमा ही अणुदुर्घटना व अणुबॉम्ब यांच्याशी जोडलेली नावे आली आणि गाणे उघडपणे निषेधाचे झाले. २०१२ च्या जुलैत जपानमधल्या अणुऊर्जाविरोधी कार्यक्रमात त्यात फुकुशिमाची भर पडली आणि काही ओळी जपानीत गायिल्या गेल्या. त्या शब्दांसाठी र्‍यूइची साकामोतो या जपानी संगीतकाराने साहाय्य केले होते. मी हे गाणे प्रत्यक्ष ऐकले तेव्हा सुरुवातीच्या, किरणोत्सर्ग मोजणाऱ्या गायगर यंत्राच्या टिकटिकीवर सभागृहातली कुजबुज एकदम थांबली, आणि त्या वेळी मला संग्रहालयाची आठवण झाली नाही. जवळपास अर्धशतकापूर्वीची चाल आणि अलीकडची दुर्घटना एकाच वेळी समोर उभी होती.

ध्वनिमुद्रणांतूनही हा फरक तपासता येतो. २००५ चा ‘मिनिमम-मॅक्सिमम’ हा संच २००४ च्या दौऱ्यातल्या वेगवेगळ्या शहरांत मुद्रित झाला आहे आणि त्यात श्रोत्यांचा आवाज ठेवलेला आहे. मॉस्को, तोक्यो, बुडापेस्ट अशा ठिकाणचे लोक कोणत्या क्षणाला ओरडतात हे ऐकण्यासारखे आहे. २०१७ चा ‘थ्री-डी द कॅटलॉग’सुद्धा कार्यक्रमांतूनच तयार झाला, पण त्यातून श्रोत्यांचा आवाज काढून टाकला आहे. त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळाले तरी मला तो अपुरा वाटतो. दोन्ही लागोपाठ ऐका. प्रत्यक्ष कार्यक्रमात काय मिळते याचे निम्मे उत्तर त्यातच मिळेल. राहिलेल्या निम्म्यासाठी ह्यूटर यांचा आवाज पुरेसा आहे. ते १९४६ साली जन्मलेले आहेत, आवाज आता किंचित कापतो, आणि एवढ्या काटेकोर यंत्रव्यवस्थेच्या मधोमध तो माणसाचा आवाज ऐकताना ‘द मॅन-मशीन’ (मानव-यंत्र) या त्यांच्या अल्बमच्या नावाची कल्पना प्रथमच पूर्ण उमगल्यासारखी वाटली.

सायकलस्वार

एक छोटी भर घालतो. २००९ च्या जुलैत मँचेस्टरच्या सायकल शर्यतींच्या बंदिस्त धावपट्टीवर त्यांचा कार्यक्रम झाला तेव्हा मी त्या शहरात शिकत होतो आणि मला तिकीट मिळाले होते. पूर्वार्धात अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांची नवी रचना झाली. नंतर क्राफ्टवेर्कचे ‘टूर द फ्रान्स’ सुरू झाले आणि ब्रिटनच्या ऑलिंपिक संघाचे सायकलपटू कोणतीही घोषणा न होता धावपट्टीवर उतरून आमच्याभोवती घिरट्या घालू लागले. या गाण्यात मुळातच श्वासाचे आणि साखळीचे आवाज आहेत. त्या रात्री लाकडी पट्टीवरून फिरणाऱ्या चाकांचा खरा आवाज त्यांत मिसळला. ह्यूटर स्वतः कट्टर सायकलप्रेमी असल्यामुळे हा निव्वळ देखावा वाटला नाही. तळटीप यांना जे ‘आज रात्री घडणारे’ हवे आहे, ते याहून वेगळे काय असते, असे विचारावेसे वाटते. २०१८ मध्ये श्टुटगार्टला तर अंतराळवीर आलेक्झांडर गेर्स्ट यांनी अंतराळ स्थानकावरून थेट संपर्क साधून ‘स्पेसलॅब’ वाजवण्यात भाग घेतला होता.

तळटीप

मँचेस्टर आणि श्टुटगार्ट हे अपवाद आहेत, आणि अपवादांसाठी कोणी नेहमीचे तिकीट काढत नाही. ‘रेडिओअ‍ॅक्टिव्हिटी’बद्दलचा मुद्दा मात्र मला पटला.

निशाचर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्याकडच्या बैठकीत गायकाच्या चेहऱ्यावर आणि हातवाऱ्यांत त्याचा विचार दिसतो, आणि त्या सवयीमुळेच कदाचित माझी अडचण झाली असावी. विद्युल्लता यांनी सांगितलेली कामांची वाटणी श्रोत्याला प्रत्यक्ष कार्यक्रमात ओळखता येते का, की ती आधी वाचूनच जावे लागते? मैदानाचा विचार मी सोडून दिला आहे.

विद्युल्लता

शेवटच्या ‘म्युझिक नॉन स्टॉप’मध्ये ती उघड होते, म्हणून परतीची गाडी गाठण्यासाठी त्याआधी उठू नका. तेथे चौघेही एकेक करून आपापला भाग वाजवतात, मेजापासून बाजूला येऊन वाकून अभिवादन करतात आणि निघून जातात. ज्याचा क्रम येतो त्याचे वादन तेवढा वेळ पुढे येते, त्यामुळे कोणता ध्वनी कोणाचा हे तेव्हा स्पष्ट कळते. सर्वांत शेवटी ह्यूटर उरतात, शुभरात्री म्हणतात आणि जातात.

तळटीप

आणि सगळे गेल्यावरही ठोका चालूच राहतो, हेही सांगा. माझा आक्षेप इतक्या प्रामाणिकपणे त्यांच्याशिवाय कोणी मांडला नसेल.

कोकणकडा

तो आक्षेप त्यांनी १९७८ सालीच ‘द मॅन-मशीन’ या अल्बमच्या नावात घालून ठेवला आहे, त्यामुळे त्याबद्दल तक्रार करायला वाव उरत नाही. निशाचर यांना एक व्यावहारिक सूचना: ह्यूटर प्रेक्षकांच्या बाजूने पाहता अगदी डाव्या टोकाला उभे असतात. हात पाहायचे असतील तर डावीकडची, थोड्या उंचावरची जागा घ्या. चित्रांसाठी मात्र मधली आणि थोडी मागची जागा चांगली, कारण फार कडेला बसल्यास त्रिमितीचा परिणाम कमी होतो. अलीकडच्या सगळ्याच कार्यक्रमांत चष्मे दिले जात नाहीत, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी तेवढे तपासून घ्या.